चौक आधी कागदावर

लातूर शहराच्या मध्यभागी गंजगोलाई नावाचा प्रसिद्ध चौक आहे. ‘गंज’ म्हणजे बाजारपेठ आणि ‘गोलाई’ म्हणजे वर्तुळाकार रचना. मध्यावर अंबाबाईचे मंदिर असून, चाकाचे आरे निघावेत त्याप्रमाणे येथून सोळा रस्ते निघतात. त्यांवर दागिन्यांपासून पादत्राणांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत नाना जिनसांचे बाजार भरलेले असतात. या चौकाचा आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तयार केला. तेथील दुमजली मुख्य इमारत १९१७ सालची आहे.

असे स्थान जमिनीवर उभे राहण्यापूर्वी कागदावर उभे राहावे लागते. त्यासाठी दोन प्रकारची चित्रे काढतात. पहिला नकाशा. आकाशात फिरणाऱ्या घारीला जमीन जशी दिसेल, तशी ती नकाशात मोजमापाने दाखवितात. दुसरे कल्पनाचित्र. त्यात तीच जागा रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने दाखविलेली असते. जवळच्या वस्तू मोठ्या, दूरच्या लहान. आणि रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एका बिंदूत मिळालेल्या. या चित्रात माणसेही काढतात, परंतु ती केवळ शोभेसाठी नव्हेत. माणसाची उंची आपणांस ठाऊक असते. त्यामुळे शेजारची कमान किती उंच आणि रस्ता किती रुंद, हे सहज उमगते. दुपारची सावली कोठे पडेल, पाण्याची घागर घेऊन किती चालावे लागेल, याचाही चित्रकाराला विचार करावा लागतो.

हा विचार किती मोलाचा आहे, हे याच भागातील एका दुर्घटनेनंतर दिसून आले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. पुढे लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. पुष्कळ ठिकाणी सरळ, रुंद रस्ते आखून घरे ओळीने बांधली गेली. घरे पूर्वीपेक्षा भक्कम होती. तथापि जुन्या गल्लीतील शेजार, वाड्याची ओसरी, पारावरची बैठक यांना अनेकजण मुकले. हळूहळू लोकांनीच घरांपुढे पडव्या काढल्या, भोवती भिंती घातल्या आणि आखलेल्या गावाला आपल्या सवयीचे रूप दिले.

नकाशा वाचावयास शिक्षण लागते; चित्र मात्र सर्वांना वाचता येते. म्हणून गाव वसविण्यापूर्वी त्याचे चित्र गावकऱ्यांपुढे ठेवणे आवश्यक असते. एखादी वृद्धा त्यावर बोट ठेवून विचारील, ‘‘यात पार कोठे आहे?’’ तेव्हा चित्रकाराने रबर घेऊन रस्त्याची रेघ थोडी सरकवावी आणि तेथे पारासाठी जागा करावी. भिंती उभ्या राहिल्यावर हे काम इतके सोपे राहत नाही.