मिठाची पुडी किती दिवस पुरते?

या वेळी आम्ही तुम्हाला एक हिशेब घालून देत आहोत. मिठाची नवी किलोची पुडी फोडाल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. संपेल त्या दिवशी दुसरी खूण.

मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट एक छोटा चमचा. पाच माणसांच्या घरात पुडी निदान ४० दिवस जायला हवी, लहान मुले असतील तर जास्तच. सातपूर-अंबडकडच्या वस्त्यांत आम्ही हे सांगतो तेव्हा बाया हसतात. "ताई, आमची पंधरा दिवसांतच संपते!" त्यात पापड, फरसाण, मुलांची पाकिटे आणि चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस धरलेला नसतोच.

आपल्या घरात मीठ एवढे का? आजीच्या काळी भाकरीबरोबर कालवण मिळेलच असे नव्हते. ठेच्यावर भाकरी उतरायची. मांस मिळाले की मीठ लावून उन्हात वाळवायचे, त्याच्या चान्या व्हायच्या. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या या खाण्याची नोंद आहे. त्याची लाज मुळीच नको. पण गरिबीने जिभेला लावलेली चव आता रक्तदाब वाढवते आहे. वॉर्डात काम करताना चाळिशीतले कमावते पुरुष लकवा मारून आलेले आम्ही पाहिले. बीपी कधी मोजलेलेच नाही, नाहीतर बरे वाटले म्हणून गोळी बंद केलेली.

हे दुखणे आपलेच नाही. चीनच्या खेड्यांतही बहुतेक मीठ घरच्या चुलीवरच पडते. तिथे ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर पाच वर्षे अभ्यास झाला. ज्यांना आधी झटका आला होता किंवा जे साठीपुढचे असून बीपी वाढलेले होते, असे लोक त्यात होते. निम्म्या गावांत साध्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियमचे मीठ दिले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: त्या गावांत लकव्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. असे मीठ आपल्याकडे मिळते, पण महाग आहे. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका. सैंधवाच्या नादी तर लागूच नका. तेही मीठच, शिवाय आयोडीन जाते ते वेगळे.

फुकटातला उपाय म्हणजे हात आखडता घेणे. एकदम नको, घरात भांडण होईल. आठवड्याला चिमूटभर कमी करा, महिन्या-दोन महिन्यांत जीभ सरावते. भाकरीच्या पिठात आणि भातात मीठ घालूच नका. ताटात वरून घ्यायची वाटी उचलून ठेवा. बुधवारच्या बाजारातली खारी मासळी दोनदा पाण्यात भिजवून ते पाणी फेका. चव हवी तर लिंबू, चिंच, लसूण, कोथिंबीर आहेच. पापडखार आणि खायचा सोडा यांतूनही तेच सोडियम पोटात जाते, हे पुष्कळांना माहीत नसते.

घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचे बीपी सरकारी दवाखान्यात मोजून घ्या, पैसे लागत नाहीत. चालू गोळी मात्र मीठ कमी केले म्हणून सोडू नका.

तुमची पुडी किती दिवस गेली, ते पुढच्या बैठकीत सांगा. आमच्या स्वतःच्या घरी पहिल्यांदा मोजली तेव्हा २२ दिवस गेली होती, माणसे चार.