ऐक्य आणि संमती

अनेक राष्ट्रे एका राज्यात नांदू लागली म्हणजे त्यांचे राष्ट्रपण लोप पावते असे नाही. ब्रिटनचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १७०७ साली इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या संसदा एक झाल्या. परंतु स्कॉटलंडची धर्मसंस्था, न्यायपद्धती व शिक्षणव्यवस्था वेगळीच राहिली. पुढे साम्राज्य, व्यापार आणि प्रॉटेस्टंट पंथ यांनी उभयतांना बांधून ठेवले. साम्राज्य मावळले, धर्माचा प्रभाव ओसरला, तसे हे बंध सैल झाले. १९९९ साली एडिंबरो येथे स्कॉटिश संसद पुन्हा भरली.

२०१४ साली लंडनच्या संमतीने स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत घेण्यात आले. सुमारे ५५ टक्के मतदारांनी संयुक्त राज्यातच राहणे पसंत केले. परंतु वाद मिटला नाही. २०१६ च्या सार्वमतात स्कॉटलंडमधील ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला. तथापि सबंध देशाच्या बहुमतामुळे त्यांनाही बाहेर पडावे लागले. नवे सार्वमत घेण्याचा कायदा स्कॉटिश संसदेला स्वतःच्या अधिकारात करता येणार नाही, असा निर्णय २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला.

खरा पेच येथेच आहे. हे ऐक्य संमतीवर उभे आहे असे म्हटले जाते. पण ती संमती काढून घ्यावयाची तर कशी? उत्तर आयर्लंडसाठी १९९८ च्या कायद्याने तसा मार्ग आखून दिला आहे, स्कॉटलंडसाठी नाही. जाण्याची वाट ज्ञात असताना एकत्र राहणे, हीच संमतीची खरी कसोटी होय.