कापडी पॅड विकायचे आहेत, परवाना कोणता?

प्रश्न : आमचा बचत गट धुऊन वापरायचे कापडी पॅड शिवतो. उद्यम नोंदणी झाली आहे. आता दुकानांत माल ठेवायला हरकत नाही ना?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, उद्यम नोंदणी ही तुमच्या व्यवसायाची ओळख आहे, मालाच्या दर्जाची हमी नव्हे. हा गैरसमज सर्रास दिसतो. धुऊन वापरायच्या पॅडसाठी आयएस १७५१४ : २०२१ हे वेगळे भारतीय मानक आहे आणि केंद्राच्या वैद्यकीय वस्त्रांच्या गुणवत्ता आदेशातही त्याचा समावेश आहे. म्हणून दुकानांशी बोलण्याआधी पुणे किंवा मुंबईच्या भारतीय मानक ब्युरोच्या कार्यालयात जा. तुमच्या गटाला आज काय लागू होते आणि लहान उद्योगांना कोणती सवलत आहे, ते लेखी विचारा. तोवर कापडाचा प्रत्येक नवा तागा आला की नमुना बाजूला ठेवा; पुढे चाचणीत दोष निघालाच, तर तो कुठून आला हे कळेल.

पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, नगसंख्या, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापा. परवान्याशिवाय आयएसआय चिन्ह मात्र छापू नका, तो गुन्हा आहे. ‘जंतुमुक्त’ असा दावाही नको. त्याऐवजी गार पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवण्याची सूचना ठळक द्या. घाबरू नका, शिवणकाम थांबवायची गरज नाही.