चित्रातील झुंज : चित्रकलेच्या तासासाठी एक पाठ



वहीच्या कडेला ढाल-तलवारीचे वीर काढणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. अभ्यासात लक्ष नाही म्हणून त्याला बोलणी बसतात. मोबाईलवरील लढाईचे खेळ तर आता गोंडपिपरी तालुक्यातील घरोघरी पोचले आहेत. या खेळांचा आरंभ चित्रकाराच्या रेषेतून होतो, हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही. ते सांगणे हा या पाठाचा उद्देश होय.

विषयविवेचन : अमेरिकेतील जॉन टोबायस हा मूळचा चित्रकथांचा चित्रकार. एड बून या सहकाऱ्यासह त्याने १९९२ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा द्वंद्वाचा खेळ निर्माण केला. वेष चढविलेल्या नटांचे चित्रण करून त्याने ती छायाचित्रे खेळात उतरविली. खेळ गाजला; परंतु त्यातील रक्तपात पाहून पालक अस्वस्थ झाले. १९९३ साली अमेरिकेच्या सिनेटपुढे सुनावणी झाली आणि १९९४ पासून तेथे खेळांवर वयोमर्यादा दर्शविणारी श्रेणी छापली जाऊ लागली.

आपल्याकडे पुण्यात २०१७ साली चित्रकर्ती श्रुती घोष, अविचल सिंह व इयान मॉड यांनी ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही संस्था स्थापन केली. खेळासाठी त्यांनी लोकांकडे वर्गणी मागितली; ठरविलेली रक्कम जमली नाही. तरीही काम थांबले नाही, आणि २०२० साली ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध झाला. सर्कशीत कसरती करणारी राजी असुरांनी पळविलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. तिच्या हाती दुर्गेने दिलेला त्रिशूळ आहे. भिंती, महाल व वस्त्रे यांचे रंग हातांनी रंगविल्यासारखे असून त्यांत राजस्थानचे किल्ले व पहाडी लघुचित्रे यांची छाया दिसते. मधली कथा बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडते. त्याच वर्षी एका जागतिक पुरस्काराच्या पदार्पण-विभागात या खेळाला नामांकन मिळाले.

दोन्ही खेळांत झुंज आहे. पहिल्यात प्रतिस्पर्ध्याला लोळविणे हेच साध्य. दुसऱ्यात बहिणीची माया झुंजीला कारण होते. कोण लढतो आणि कशासाठी लढतो, हे ज्या चित्रातून कळते ते चित्र मनात राहते.

कृती : आपल्या जिल्ह्यातच उत्तम नमुना आहे. चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींवर हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजांचे चिन्ह. त्याची आकृती फळ्यावर काढावी आणि मुलांना विचारावे, ‘बळ कोणाचे, हे पाठीच्या बाकावरून कळते की पंजावरून?’ रक्ताचा एक थेंबही न दाखविता शिल्पकाराने सामर्थ्य दाखविले, हे मुले आपणच ओळखतील.

स्वाध्याय : प्रत्येक मुलाने एक लढवय्या अगर लढवय्यी काढावी. वेष, शस्त्र, झाडे व घरे आपल्या परिसरातील असावीत. सागाचे पान, बांबूची काठी, दंडारीतील पेहराव, काहीही चालेल. चित्राखाली एकच वाक्य लिहावे : ‘हा कोणासाठी लढतो?’ गुण रेषेच्या सफाईस थोडे व त्या वाक्यास अधिक द्यावेत.

चित्रकलेचा तास गणितासाठी घेण्याचा मोह आपणां सर्वांस होतो. आठवड्यातून एवढा एक तास तरी राखावा. वहीच्या कडेला रेखाटणाऱ्या मुलास पूर्ण पान मिळाले, तर त्या रेषेला वळण लागेल.