‘क्लूडो’ आणि नकाराचे मोल

बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्पिलेला ‘क्लूडो’ हा बैठा खेळ १९४९ साली बाजारात आला. खून कोणी, कशाने व कोठे केला, हे त्यात शोधायचे असते. सहा संशयित, सहा हत्यारे, नऊ खोल्या. म्हणजे ३२४ शक्यता. प्रत्येक गटातील एकेक पत्ता पाकिटात दडवून उरलेले अठरा खेळाडूंत वाटतात.

मी तीन नावे सुचवली, की शेजारी त्यांपैकी एक पत्ता असल्यास गुपचूप दाखवतो. त्यातून एकच गोष्ट कळते. तो ‘नाही’ म्हणाला, तर मात्र तिन्ही पत्ते त्याच्याजवळ नाहीत, हे सर्वांनाच समजते. दुसऱ्या कोणाला त्याने पत्ता दाखवला, तर ‘तिघांपैकी किमान एक’ एवढेच मी टिपून ठेवतो; पुढे त्यांतील दोन त्याच्याकडे नाहीत असे ठरले, की तिसरा निश्चित होतो. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत ‘अनुपलब्धी’ला स्वतंत्र प्रमाण का मानले आहे, ते येथे मला उमगते.

संशय वारंवार घेता येतो. अंतिम आरोप एकदाच. तो चुकला, की जिंकण्याचा हक्क गेला. दोन शक्यता उरल्या असता केलेला आरोप हा जुगारच होय. मग तो खरा का निघेना!