घरच्या घरी वैमानिककक्ष

करवत आणि पुठ्ठा हाती घेण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करू. एका मित्राला फिरत्या खुर्चीत बसवा आणि त्याचे डोळे रुमालाने बांधा. खोलीत शांतता ठेवा, म्हणजे आवाजावरून त्याला दिशा कळणार नाही. ज्या बाजूला फिरतो आहेस त्या बाजूला अंगठा दाखव, थांबलो असे वाटले की अंगठा वर कर, असे त्याला सांगा. आता खुर्ची सावकाश, एकसारख्या वेगाने डावीकडे फिरवत राहा. सुरुवातीला अंगठा डावीकडे असेल. वीस-तीस सेकंदांनी तो वर होईल, आणि खुर्ची तर फिरतच असेल! मग खुर्ची हळूच थांबवा. बहुधा तुमचा मित्र आता उजवीकडे अंगठा दाखवील. (त्याला लगेच उठू देऊ नका, तोल जाईल.)

असे का होते? आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके फिरू लागले की नलिका फिरतात, पण जडत्वामुळे द्रव मागे राहतो. या फरकामुळे फिरल्याची जाणीव होते. थोड्या वेळाने द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो आणि जाणीव संपते. खुर्ची थांबली तरी द्रव पुढे जातच राहतो, म्हणून उलट फिरल्याचा भास होतो. थोडक्यात, कान फिरण्याचा वेग मोजत नाही, वेगातील बदल मोजतो.

ढगात शिरलेल्या वैमानिकाची स्थिती या मित्रासारखीच असते. बाहेर क्षितिज दिसत नाही आणि कान फसवतो. त्याने विश्वास ठेवायचा तो समोरच्या साधनांवर. पण हा विश्वास पुस्तक वाचून येत नाही, सरावाने येतो. आणि हा सराव आकाशातच करायचा म्हटले, तर पहिली चूकच शेवटची ठरू शकते.

अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावच्या एडविन लिंक या तरुणाने यावर उपाय शोधला. त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. बाजाच्या पेटीचा भाता तुम्ही पाहिला असेलच. तसेच भाते लिंकने एका छोट्या लाकडी विमानाखाली बसवले. दांडा डावीकडे ढकलला की एका बाजूच्या भात्यातील हवा शोषली जाई आणि ते विमान जमिनीवरच डावीकडे कले. त्याने पेटंटसाठी अर्ज केला. प्रारंभी हे यंत्र मुख्यतः करमणुकीच्या बागांत विकले गेले! १९३४ मध्ये अमेरिकेच्या सैन्याकडे हवाई टपालाचे काम आले आणि खराब हवेत वैमानिकांचे बळी जाऊ लागले, तेव्हा सैन्याने अशी सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत दहा हजारांहून अधिक तयार झाली.

आपला कक्ष हलणार नाही. टेबल, खुर्ची, संगणक आणि थोडे सुतारकाम एवढ्यावर तो उभा राहील. फ्लाइटगिअर हे उड्डाणाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात सेस्ना १७२ हे लहान विमान निवडा.

दांडा. विजेच्या तारा घालण्याच्या प्लॅस्टिक पाइपचा सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्या. लाकडी चौकटीत दुसरी लहान चौकट अशी बसवा की एक पुढेमागे झुलेल आणि दुसरी डावीउजवीकडे. आतल्या चौकटीत पाइप पक्का करा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चारी बाजूंना ताणून बांधल्या की दांडा आपोआप मध्यावर येतो. दांडा मागे ओढला की विमानाचे नाक वर जाते, डावीकडे नेला की विमान डावीकडे कलते. दोन्ही पायांखाली बिजागरीवर फिरणारी एक फळी ठेवा, तो सुकाणूचा पायदांडा. डाव्या हाताशी इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारी एक पट्टी हवी.

विद्युत् जोडणी. प्रत्येक हालचालीसाठी एक, असे चार पोटेन्शिओमीटर लागतील. रेडिओचा आवाज कमीजास्त करतो तोच हा भाग. मात्र तो लिनिअर प्रकारचा घ्या, म्हणजे समान कोन फिरवल्यावर रोध समान बदलेल. आर्डुइनो लिओनार्डो हा छोटा बोर्ड योग्य प्रोग्रॅम घातल्यावर संगणकाला खेळाच्या दांड्यासारखा ओळखता येतो. पोटेन्शिओमीटरची दोन टोके बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडला जोडा, मधले टोक इनपुटला.

रोध किती असावा? १० किलोओहम घेतला, तर ओहमच्या नियमाने प्रवाह ५ ÷ १०,००० = ०.५ मिलिअँपिअर, चारही मिळून २ मिलिअँपिअर. चुकून १० ओहमचे घेतले, तर एकेकातून अर्धा अँपिअर, म्हणजे एकूण २ अँपिअर! संगणकाच्या साध्या यूएसबी जोडणीतून सुमारे अर्धा अँपिअरच मिळतो.

आता खरी अडचण. गेल्या वर्षी आमच्या विद्यार्थ्यांनी पोटेन्शिओमीटर थेट चौकटीच्या आसाला जोडला, तर पडद्यावरचे विमान धक्के खात उडू लागले. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. बोर्ड ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, पण ते सगळे वापरण्यास पोटेन्शिओमीटर सुमारे ३०० अंश फिरावा लागतो. दांडा फिरतो फक्त ४० अंश. म्हणजे (४० ÷ ३००) × १०२४, सुमारे १३६ पायऱ्याच मिळाल्या. मग आसावर १० सेंटिमीटर व्यासाची आणि पोटेन्शिओमीटरवर २ सेंटिमीटर व्यासाची कप्पी बसवून मध्ये घट्ट दोरा गुंडाळला. पोटेन्शिओमीटर पाचपट, म्हणजे २०० अंश फिरू लागला आणि पायऱ्या सुमारे ६८३ झाल्या. विमान सुरळीत उडू लागले. कप्पीवर दोरा घसरू नये म्हणून तो एका जागी बांधून टाका.

पडदा. पडदा ५० सेंटिमीटर रुंद आणि डोळ्यांपासून ६० सेंटिमीटर दूर असेल, तर तो डोळ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन करतो. सॉफ्टवेअरमध्ये दृश्याचा कोनही तेवढाच ठेवा, म्हणजे धावपट्टी खऱ्या आकाराची दिसेल.

पडद्यावर खाली सहा तबकड्या दिसतील. वरच्या ओळीत वेगमापक, कृत्रिम क्षितिज, उंचीमापक; खालच्या ओळीत वळणदर्शक, दिशादर्शक, चढउतारमापक. कृत्रिम क्षितिजाऐवजी साधा ओळंबा का टांगत नाहीत, असे तुम्ही विचाराल. विमान योग्य रीतीने वळत असताना वजन आणि केंद्रोत्सारी प्रेरणा यांची बेरीज बरोबर विमानाच्या तळाकडे येते. त्यामुळे विमान ३० अंश कललेले असले तरी ओळंबा तळाशी काटकोनातच लोंबतो. कानाप्रमाणे ओळंबाही फसतो. वेगाने फिरणारा भोवरा मात्र आपल्या आसाची दिशा राखतो. म्हणून या साधनात भोवरा असतो.

पण साधनही बिघडू शकते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईला निघाले. खाली काळोखा समुद्र, क्षितिज दिसत नव्हते. चौकशीत आढळले ते असे: उजवे वळण घेऊन विमान सरळ झाले, तरी कप्तानासमोरील स्थितिदर्शक ते उजवीकडे कललेलेच दाखवत राहिला. विमान डावीकडे नेले गेले, कलतच गेले आणि वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिकासमोर आणि मध्यभागी अशीच आणखी साधने होती. सेकंद मात्र थोडे होते.

म्हणून तुमच्या कक्षात सर्वांत महत्त्वाचा भाग आहे पुठ्ठ्याची एक चकती. सरळ उडता येऊ लागले, की सॉफ्टवेअरमध्ये ढग निवडा. मित्राने न सांगता ती चकती कृत्रिम क्षितिजावर ठेवावी. आता वळणदर्शक मध्यावर असेल तर पंख सरळ आहेत. वेग वाढतो आहे आणि उंची घटते आहे, तर नाक खाली आहे. सेस्नात भोवऱ्याचे कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक हवा शोषणाऱ्या पंपावर चालतात, तर वळणदर्शक विजेवर. एक व्यवस्था बंद पडली तरी दुसरी साक्ष देते. पाच मिनिटे उंची आणि दिशा राखून दाखवा. पहिल्या दिवशी जमणार नाही. दहाव्या दिवशी जमेल.

स्वाध्याय

१. चारही पोटेन्शिओमीटर १०० ओहमचे असतील, तर एकूण प्रवाह किती?
२. उंची कायम राखून ६० अंश कललेल्या वळणात ५० किलोग्रॅमच्या वैमानिकाला आपले वजन किती पट वाटेल?
३. पडदा ८० सेंटिमीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर दूर असेल, तर दृश्याचा कोन किती?

उत्तरे: (१) २०० मिलिअँपिअर. (२) १ ÷ कोसाइन ६०° = दुप्पट. (३) सुमारे ५३ अंश.