पर्यटन, समाज आणि साहित्य : गोंदिया परिसराच्या संदर्भात

पर्यटन ही केवळ आर्थिक उलाढाल नसून एक सामाजिक क्रिया आहे, असा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समाजशास्त्रात दृढ झाला. डीन मॅकॅनेल यांनी ‘द टूरिस्ट’ (१९७६) या ग्रंथात पर्यटकाला आधुनिक माणसाचा प्रतिनिधी मानले. आपल्या जीवनातून हरवलेले अस्सलपण तो परक्या ठिकाणी शोधतो. जॉन अरी यांनी ‘द टूरिस्ट गेझ’ (१९९०) मध्ये पर्यटकाची दृष्टी समाजाने घडविलेली असते, असे प्रतिपादन केले. ही दृष्टी घडविणाऱ्या साधनांत साहित्याचाही वाटा असतो. म्हणूनच प्रवासवर्णन आणि वनविषयक ललित लेखन यांचा या अंगाने विचार होणे अगत्याचे आहे.

गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील दोन अरण्ये मराठी वाचकाला प्रत्यक्ष भेटीपूर्वीच पुस्तकांतून परिचित झाली होती. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे पाहुण्याचे लेखन आहे. तेथे पाणवठा, प्राणी आणि एकांत केंद्रस्थानी येतात. मारुती चितमपल्ली यांचे ‘नवेगावबांधचे दिवस’ हे वनाधिकारी म्हणून तेथे राहिलेल्या लेखकाचे लेखन होय. पक्ष्यांची स्थानिक नावे, लोकसमजुती आणि माधवराव पाटलांसारखे जाणकार यांना त्यांच्या लेखनात स्थान मिळते. एका ठिकाणी अरण्य हे दृश्य होते, तर दुसऱ्या ठिकाणी ते सहवासाचे क्षेत्र होते. तथापि दोन्ही लेखक बाहेरून आलेले आहेत, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे.

‘नवेगावबांध’ या नावातच हा दृष्टिभेद सामावलेला आहे. पर्यटकाच्या लेखी तेथील जलाशय हे निसर्गसौंदर्य असते. गावकऱ्याच्या लेखी तो ‘बांध’, म्हणजे माणसाने श्रमाने बांधलेली आणि धानशेतीला पाणी देणारी रचना असते. तिच्या निर्मितीशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडले जाते. तलाव बांधण्याचे कोहळी समाजाचे कौशल्य आणि तलावातील मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांचे जीवन यांचा विसर पडला, की श्रमाचा इतिहास ‘निसर्ग’ या एका शब्दाआड लोपतो. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. त्यानंतर तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

सालेकसा तालुक्यातील कचारगडचे उदाहरण याहून वेगळे आहे. माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतील गोंड बांधव एकत्र येतात. त्यांच्यासाठी ती गुहा प्रेक्षणीय स्थळ नसून पूर्वजांचे श्रद्धास्थान आहे. यात्रेकरू तेथे नाते दृढ करण्यासाठी जातो, पर्यटक नवलाईसाठी. एकाच वाटेवरून दोघे चालले तरी त्यांचा प्रवास एक नसतो. गोंदिया शहरालगतच्या मुर्रीसारख्या गावातील माणसाच्या जीवनातही यात्रा, मंडई आणि सोयरिकीनिमित्त होणारा प्रवास असतोच. परंतु मराठी प्रवासवर्णनाने अशा प्रवासाची दखल अपवादानेच घेतली आहे.

तात्पर्य, पर्यटन आणि समाज यांचा संबंध तपासताना ‘कोण गेला व त्याने काय पाहिले’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोणाकडे पाहिले गेले आणि त्याचे म्हणणे कोठे नोंदले गेले’ हेही विचारले पाहिजे. यजमान समाजाची मौखिक कथने आणि स्थलनामांच्या कथा प्रवासवर्णनांसमवेत अभ्यासल्या, तरच या साहित्यप्रकाराची समीक्षा परिपूर्णतेकडे जाईल.